निवाड्याविरुद्धचे गाणे : हेवी रॉकमधील दोन गीतांचा विचार

प्रस्तावना

हेवी रॉकचा विचार बहुधा त्याचा आवाज, वेशभूषा आणि बंडखोरी या अंगांनी केला जातो. त्यातील गीतरचना मात्र दुर्लक्षित राहते. या गीतांनी धर्माविषयी काही म्हटले, की ‘पाखंडी’ असा शिक्का मारून विषय संपवला जातो. प्रस्तुत लेखात ‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ‘वाइंड अप’ (१९७१) आणि ‘मेटालिका’ या अमेरिकी वाद्यवृंदाचे ‘द गॉड दॅट फेल्ड’ (१९९१) या दोन गीतांचा विचार केला आहे. धर्माच्या नावाने माणसाचा निवाडा करण्याच्या वृत्तीविषयीचा उद्वेग दोन्हींच्या मुळाशी आहे. प्रश्न असा, की निवाड्याविरुद्ध लिहिणाऱ्या गीतकाराला स्वतः न्यायाधीश होण्याचे टाळता येते काय?

देवाला साक्षीला बोलावणारे गीत

इयान अँडरसन यांनी लिहिलेले ‘वाइंड अप’ हे ‘अ‍ॅक्वालंग’ या ध्वनिमुद्रिकेतील अखेरचे गीत होय. या मुद्रिकेची दुसरी बाजू प्रामुख्याने संघटित धर्माच्या चिकित्सेला वाहिलेली आहे. तिचे ध्वनिमुद्रण लंडनमधील ज्या स्टुडिओत झाले, ती इमारत पूर्वी चर्चची होती, हा योगायोगही लक्षणीय आहे.

गीताचा निवेदक शाळेत धर्मशिक्षण घेतलेला मुलगा आहे. शाळेने त्याच्या हाती नियमांसोबत एक तयार देवही दिला आहे. तो थेट त्या देवालाच प्रश्न विचारतो आणि देव उत्तरतो, की केवळ रविवारी चावी देऊन चालवावे असे खेळणे आपण नव्हे. शीर्षकाचा अर्थ येथे उलगडतो. त्यानंतर निवेदक आपल्या जुन्या मुख्याध्यापकांना उद्देशून अविश्वास प्रकट करतो. हा अविश्वास देवावरचा नसून देवाच्या मध्यस्थांवरचा आहे. संगीतरचनाही या आशयाला पूरक आहे. आरंभीचा संथ, एकाकी स्वर मध्यभागी प्रखर विद्युत गिटारमध्ये फुटतो आणि शेवटी पुन्हा शांत होतो. संतापाला आरंभ आहे, तसा अंतही आहे.

मृतालाही न सोडणारे गीत

‘द गॉड दॅट फेल्ड’ची पार्श्वभूमी अधिक वेदनामय आहे. गीतकार जेम्स हेटफील्ड यांचे बालपण ‘ख्रिश्चन सायन्स’ पंथाच्या कुटुंबात गेले. मेरी बेकर एडी यांनी एकोणिसाव्या शतकात स्थापन केलेल्या या पंथात औषधोपचारापेक्षा प्रार्थनेने रोगमुक्ती होण्यावर भर असतो. या भूमिकेत एक अव्यक्त निवाडा दडलेला आहे. रोग बरा झाला नाही, तर दोष रुग्णाच्या श्रद्धेकडे जातो. हेटफील्ड १६ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे कर्करोगाने निधन झाले. तिने वैद्यकीय उपचार नाकारले होते.

गीतात ‘आई’ हा शब्द कोठेही येत नाही. निवेदक कोणा एका ‘तू’शी बोलतो. तिच्या डोळ्यांत त्याला श्रद्धा दिसते आणि तिच्या आक्रोशातही तीच ऐकू येते. क्रूसावरील खिळ्याची प्रतिमा येथे तारणाशी नव्हे, तर अडवलेल्या उपचाराशी जोडलेली आहे. बास गिटारच्या जड स्वरांनी सुरू होणारे हे गीत अखेरपर्यंत त्या जडपणातून बाहेर पडत नाही.

मात्र या संबोधनातच गीताची अडचण आहे. फसव्या वचनाला दोष देता देता निवेदक ते मानणाऱ्या व्यक्तीलाही सुनावतो. जिला पंथाने श्रद्धेच्या कसोटीवर उभे केले, तिला मुलगाही दुसऱ्या एका कसोटीवर उभे करतो. ती उत्तर देऊ शकत नाही. अँडरसन यांच्या देवाला बोलता येते. हेटफील्ड यांच्या ‘तू’ला मात्र बोलता येत नाही.

निष्कर्ष

न्यायबुद्धीच्या दृष्टीने ‘वाइंड अप’ हे गीत सरस ठरते. ते देव आणि देवाचे अधिकारी यांत स्पष्ट भेद करते. पुढील काळात अँडरसन यांनी इंग्लंडमधील कॅथेड्रलांच्या मदतीसाठी तेथेच नाताळचे कार्यक्रम केले, ही गोष्टही या भेदाशी सुसंगत आहे. परंतु देवच निवेदकाच्या बाजूने साक्ष देत असल्याने खटल्याचा निकाल आधीच ठरलेला असतो. निवेदकाला काहीही गमवावे लागत नाही.

‘द गॉड दॅट फेल्ड’ हे गीत न्याय्य नाही, पण अधिक सत्य आहे. ज्या व्यक्तीवर प्रेम आहे तिच्यावरच राग येणे, आणि तो राग व्यक्त करायला ती व्यक्ती न उरणे, ही अवस्था त्यात जशीच्या तशी उतरली आहे. निवाड्याने दुखावलेला माणूस नकळत निवाडाच करू लागतो, हे ते सांगत नाही, करून दाखवते. म्हणून या गीतांना केवळ ‘धर्मविरोधी’ म्हणणे अपुरे आहे. त्यांतील भांडण श्रद्धेशी कमी आणि श्रद्धेचे माप घेणाऱ्यांशी अधिक आहे. ते माप कधी कधी गीतकाराच्याच हाती सापडते, याची नोंद समीक्षेने घ्यावयास हवी.