कोसळलेल्या भिंतीची मीमांसा

मंगळवेढ्याचे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास चोखोबांमुळे परिचित आहे. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांसमवेत चोखोबाही तिच्याखाली गाडले गेले. ही घटना इ. स. १३३८ मधील मानली जाते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. अस्थींतून उमटणाऱ्या विठ्ठलनामाचे वर्णन संतचरित्रकारांनी मोठ्या भक्तिभावाने केले. भिंत का पडली, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्यांच्याकडून तशी अपेक्षा करणेही गैरच होय. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनास मात्र तो प्रश्न टाळता येत नाही.

मंगळवेढ्याच्या पूर्वेस, लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्यांचा बळी घेतला तो घरांनीच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाच्या मातीचा अवजड थर, अशी ती रचना होती. अशा भिंतीचे आतील व बाहेरील असे दोन पदर असतात. ते सांधणारे आरपार लांब दगड नसले, तर हादऱ्यासरशी पदर सुटतात आणि माळवद खाली येते. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. हा भेद लोकांना समजावून देणे, हेच अशा प्रसंगी वास्तुशिक्षणाचे पहिले कार्य होय.

या कसोटीवर किल्लारीचे पुनर्वसन एकसारखे उतरत नाही. जेथे जुन्या जागी घरांची दुरुस्ती व बळकटी झाली, तेथे काम घरमालकाच्या हाती राहिले. गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले, आणि महिला मंडळांतील स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ या नात्याने तांत्रिक माहिती घरोघर पोचविली. घर ज्यांना सांभाळावयाचे, त्यांच्यापर्यंत ज्ञान गेले. याउलट पूर्णतः स्थलांतरित झालेल्या बावन्न गावांत बहुतांशी तयार घरे हाती पडली. घरे मिळाली हे थोडे नव्हे, परंतु रहिवासी तेथे शिकणारा न राहता लाभार्थी ठरला. सरळ रस्त्यांची आखणी शहरी धर्तीची होती. वाडा, ओसरी व शेजार यांची जुनी घडण तीत सामावली नाही. शिवाय दगडाविषयीची भीती तशीच राहिली.

कुटुंब वाढले की त्याच घराला एखादी खोली जोडावी लागते. तेव्हा बोलाविलेल्या गवंड्यास आरपार दगडाचे प्रयोजन ठाऊक असते काय, याची पाहणी घरांच्या मोजदादीहून अधिक अगत्याची आहे.