शिक्षा आधी, गुन्हा नंतर : ‘सलाम बॉम्बे!’मधील सुधारगृह

बालगुन्हेगार आणि सुधारगृह या विषयावरील चित्रपटांची एक ठरीव कथारचना आहे. मुलगा गुन्हा करतो. न्यायालय त्याला सुधारगृहात धाडते. तेथील अधीक्षक निर्दय असतो. पुढे एखादा सहृदय अधिकारी येतो आणि मुलांवर विश्वास टाकून त्यांना माणसांत आणतो. ‘द मेयर ऑफ हेल’ (१९३३) आणि ‘क्राइम स्कूल’ (१९३८) हे हॉलिवूडचे दोन्ही चित्रपट थोड्याफार फरकाने याच वाटेने जातात. या रचनेत सुधारगृहाच्या हेतूविषयी शंका घेतलेली नसते. दोष असतो तो माणसाचा. माणूस बदलला की संस्था निर्दोष ठरते.

मीरा नायर दिग्दर्शित ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८, पटकथा : सूनी तारापोरवाला) या चित्रपटाची चर्चा बहुधा रस्त्यावरील मुलांचे वास्तव चित्रण म्हणून होत आली आहे. कान महोत्सवातील ‘कॅमेरा द ओर’ हा पुरस्कार, ऑस्करचे नामांकन, बॅरी जॉन यांनी रस्त्यावरील मुलांसाठी घेतलेली अभिनयशाळा, या गोष्टींचा उल्लेख प्रत्येक लेखात असतो. सुधारगृहाचा भाग मात्र कथानकातील एक टप्पा म्हणून उल्लेखिला जातो आणि पुढे सरकले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रपटाचा अर्थ या भागाच्या स्थानावरच अवलंबून आहे.

घटनांचा क्रम पाहावा. आईने बजावलेले आहे की पाचशे रुपये मिळवल्याशिवाय घरी यायचे नाही. सर्कशीच्या मुक्कामावरून कृष्णाला कामासाठी बाहेर पाठवले जाते आणि तो परतेपर्यंत सर्कस निघून गेलेली असते. तो मुंबईस येतो, वेश्यावस्तीत चहा पोचवतो आणि ‘चायपाव’ या नावाने ओळखला जाऊ लागतो. त्याने साठवलेले पैसे चिलम हा व्यसनाधीन मित्र चोरतो आणि त्याच पैशांच्या नशेत मरतो. यानंतर एके रात्री कामावरून परतत असताना पोलीस कृष्णाला आणि लहानग्या मंजूला पकडून नेतात.

कृष्णा सर्वस्वी निष्पाप आहे असे चित्रपट म्हणत नाही. त्याने मोटारसायकल जाळलेली आहे, सोलासाल या मुलीच्या सुटकेसाठी आग लावलेली आहे, सोबत्यांबरोबर एका वृद्ध पारशाच्या घरात चोरीही केलेली आहे. परंतु यांपैकी कोणत्याही कृत्यासाठी त्याला अटक होत नाही. त्याने जे केले त्याचा यंत्रणेला पत्ता नाही. रात्री रस्त्यावर असणे एवढेच तिला दिसते. सुधारगृहातून तो पळतो, वस्तीत परततो आणि मग बाबाचा खून करतो. म्हणजे नेहमीच्या कथेत गुन्ह्यानंतर सुधारगृह येते, तर येथे सुधारगृहानंतर गुन्हा येतो. सुधारगृहाने त्याला खुनी बनवले, असा सरळ कार्यकारणभाव दिग्दर्शिकेने मांडलेला नाही आणि तो न मांडण्यातच तिचा संयम आहे. तिने केवळ क्रम उलटा ठेवला आहे.

या क्रमाला कायद्याचीही एक बाजू आहे. १९८६चा बाल न्याय अधिनियम २ ऑक्टोबर १९८७ रोजी, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आदल्याच वर्षी, अमलात आला. तोपर्यंत मुंबईत १९२४चा आणि पुढे १९४८चा मुंबई बाल अधिनियम असे प्रांतिक कायदे होते. नव्या कायद्याने ‘उपेक्षित’ बालक आणि ‘अपचारी’ बालक असे दोन वर्ग केले. पहिल्यासाठी मंडळ, दुसऱ्यासाठी न्यायालय. कागदावर ही विभागणी स्वच्छ आहे. कृष्णा मात्र पहिल्या वर्गात पकडला जातो आणि दुसऱ्या वर्गाचे कृत्य भिंतीबाहेर पडल्यावर करतो. या दोन शब्दांमधले अंतर एखाद्या मुलाच्या आयुष्यात किती दिवसांचे असते, हा प्रश्न कायद्याच्या भाष्यात सापडणार नाही.

मंजूचे प्रकरण याहून बोचरे आहे. आई रेखा तिला सोडवायला जाते तेव्हा, तू वेश्या आहेस म्हणून मुलगी परत मिळणार नाही, असे तिला सांगण्यात येते. अधिकारी क्रूर नाही. त्याचे बोलणे नियमाला धरून आहे, कदाचित मुलीच्या हिताचेही आहे. येथे अधीक्षक बदलून काही साधणार नाही, हे प्रेक्षकाला उमगते आणि ठरीव कथेचा आधारच निसटतो.

दुसरा एक तपशील समीक्षकांनी अधिक पाहायला हवा होता. पळून आलेल्या कृष्णाला कळते की बाबाच्या धंद्यात एक नवा मुलगा आला आहे आणि त्याचे नाव ‘चिलम’ ठेवले आहे. माणूस गेला, जागा राहिली, जागेचे नाव राहिले. सुधारगृहात मुलांची मोजदाद होते आणि रस्त्यावर मुलांना नावे मिळतात, असा विरोध आपण मनात धरून असतो. चित्रपट तो पुसून टाकतो. रस्त्यावरचे नावही एक क्रमांकच होते.

मराठी वाचकाला येथे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आठवणे स्वाभाविक आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाची त्याला पार्श्वभूमी आहे आणि कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यातील सहा कैदी प्रौढ आणि खुनी आहेत, पण त्यांची मांडणी शाळेतल्या मुलांसारखी आहे. भिंत नाही, आदिनाथचे दोन डोळे हीच भिंत. म्हणून त्याच्या मृत्यूनंतरही ते डोळे आकाशात उरावे लागतात. तो चित्रपट थोर आहे यात शंका नाही, तरी सुधारणा ही कोणाच्या तरी नजरेखाली राहण्यानेच घडते, हे त्याचे गृहीतक आहे. ‘सलाम बॉम्बे!’मध्ये भिंत आहे, पाहणारे डोळे नाहीत. कृष्णाला शेवटी पाहतो तो फक्त कॅमेरा.

तो शेवट निर्दोष नाही. गणपतीच्या मिरवणुकीत रेखा आणि कृष्णा यांची ताटातूट होते. हा प्रसंग दृश्य म्हणून प्रभावी असला तरी गर्दीने कथानकाची अडचण सोडवावी तसा वाटतो. मात्र त्यानंतरचे स्थिर चित्र, एकट्या मुलाच्या चेहऱ्यावर थांबलेले, फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ची (१९५९) आठवण देते. तेथेही आन्त्वान निरीक्षणगृहातून पळतो. पण त्याच्यासमोर समुद्र आहे. समुद्र मुंबईतही आहे; कृष्णाच्या वाट्याला तो येत नाही.

मुंबईतील अशा संस्थांना मराठी वाङ्मयाचा एक अनपेक्षित संदर्भ आहे. १८८२ साली टिळक आणि आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात होते आणि ज्यातील १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, त्याच वास्तूत पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. आगरकरांना आपला तुरुंगवास लिहिता आला. त्या आवारात नंतर राहिलेल्या मुलांचे लेखन आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ नाही, आणि त्यांच्याविषयी बोलणे चित्रपटावर सोडून दिले गेले.

यशवंतपूर येथे बसून हा चित्रपट पुन्हा पाहताना आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कृष्णाची भूमिका करणारा शफीक सय्यद बंगळूरचा. मुंबई पाहण्यासाठी घर सोडून गेलेला. त्याला उत्कृष्ट बालकलावंताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तो बंगळूरला परतला आणि रिक्षा चालवू लागला.