पहिले ५१२ बाइट कुठे गेले?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिले अक्षर उमटेपर्यंत आत काय घडते? ‘एक्सव्ही-सिक्स’ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचे पुस्तक या प्रश्नाला थेट हात घालतात. ती २००६ साली अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये शिकवण्यासाठी तयार झाली. तिचा नमुना १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा. पुस्तक रस कॉक्स, फ्रान्स काशूक व रॉबर्ट मॉरिस यांचे.

ती चालवायला वेगळा संगणक लागत नाही. ‘क्यूएमू’ हा एम्युलेटर पुरतो. एम्युलेटर म्हणजे दुसऱ्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम. प्रोसेसर, स्मृती, डिस्क सारे नकली. पण त्यात चालणारा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मात्र अस्सल! विद्यार्थ्याच्या चुकीने सारे कोलमडले, तरी काही सेकंदांत पुन्हा सुरू करता येते. हव्या त्या आज्ञेवर प्रोसेसर थांबवून आत डोकावता येते. शिक्षकाला याहून सोयीची प्रयोगशाळा कोणती?

आता तक्रारीकडे वळू. जुनी आवृत्ती एक्स-८६ प्रोसेसरसाठी होती. तीही क्यूएमूत चालत असे. पण डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट तिचे स्वतःचे होते. त्यांतले शेवटचे दोन ८५ आणि १७० असले, तरच बायॉस पुढचे पाऊल टाकतो. उरलेल्या ५१० बाइटांत प्रोसेसरला १६ बिटांच्या अवस्थेतून ३२ बिटांच्या अवस्थेत न्यायचे आणि डिस्कवरून कर्नल आणायचा. ‘कर्नलच्या आधी कोण?’ हा प्रश्न येथे विद्यार्थ्याला पडतो आणि त्याचे उत्तरही मिळते.

२०१९ पासून ही सिस्टिम सुटसुटीत अशा रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर गेली. निर्णय योग्यच, पण आता क्यूएमू स्वतःच कर्नल उचलून स्मृतीत ठेवतो. ते ५१२ बाइट नाहीसे झाले आणि पुस्तकात हा टप्पा काही वाक्यांत आटोपला.

खऱ्या यंत्रात स्मृतीसुद्धा आयती मिळत नाही. आधी तिचा नियंत्रक जुळवावा लागतो. शिवाय क्यूएमूची स्मृती आरंभी शून्यांनी भरलेली असते. चलाला किंमत द्यायला विसरलेला प्रोग्रॅम तेथे बिनबोभाट चालेल आणि खऱ्या यंत्रावर अडखळेल. लेखक अशा चुकांबाबत गाफील नाहीत. स्मृतीचे ४०९६ बाइटांचे पान मोकळे करताना ते प्रत्येक बाइटात मुद्दाम १ भरतात, म्हणजे चूक लवकर उघडी पडते. हीच दक्षता आरंभाच्या टप्प्याबाबत हवी होती. नाहीतर कर्नल हीच सुरुवात, असा समज विद्यार्थी घेऊन जाईल.

तरीही पुस्तक जरूर वापरावे. फक्त पहिला तास जुन्या पुस्तकाच्या बूट लोडरवरील परिशिष्टाला द्यावा आणि एम्युलेटरने आपल्यासाठी परस्पर काय काय उरकले, याची यादी मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्यावी.