चौकटीत शिरलेला हात

नाओमी कावासे या जपानी दिग्दर्शिकेचा ‘कातात्सुमोरी’ (१९९४) हा ४० मिनिटांचा लघुपट आहे. आई-वडील वेगळे झाल्यावर नारा शहरात तिला नात्यातल्या ज्या आजीने वाढवलं, तिच्याविषयीचा. त्यात एके ठिकाणी कावासे घरातून, खिडकीच्या काचेआडून, बागेत काम करणाऱ्या आजीचं चित्रण करते आहे. अचानक कॅमेऱ्यामागून तिचा हात पुढे येतो आणि काचेवर दिसणाऱ्या आजीच्या आकृतीवरून बोट फिरवतो. तेवढ्याने भागत नाही. कॅमेरा चालू ठेवूनच ती बाहेर जाते आणि आजीच्या चेहऱ्याला हात लावते.

चित्रीकरण करणाऱ्याचा हात चौकटीत आला की तो शॉट बाद, असं कुठल्याही शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. इथे तो हात काढून टाकला तर लघुपटातलं सगळ्यात मोलाचं तेच जाईल. प्रायोगिक लघुपटांनी जवळीक आणि एकटेपण या विषयांत जे काही मिळवलं, ते याच वाटेने मिळवलं असं मला वाटतं. कॅमेरा धरणाऱ्याने स्वतःला सुरक्षित ठेवलं नाही, तेव्हाच समोरचं माणूस आपल्याला भेटलं.

स्टॅन ब्रॅकेजचा ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’ (१९५९) घ्या. पत्नी जेनचं बाळंतपण, तेही घरी, जवळपास १२ मिनिटं, संपूर्ण निःशब्द. आजही तो पाहताना अंगावर येतो. बहुतेक वेळ आपण जेनला नवऱ्याच्या नजरेतून पाहतो आणि त्या नजरेवर आक्षेप घेता येतो, घ्यायलाही हवा. पण बाळ जन्मल्यावर काही क्षण कॅमेरा जेनच्या हाती जातो आणि बाप झालेल्या माणसाचा वेडावलेला चेहरा आपल्याला दिसतो. ज्याच्यावर कॅमेरा रोखलेला होता त्याच माणसाने तो उलटा फिरवला. ते क्षण नसते तर हे प्रसूतीचं एक धाडसी चित्रण झालं असतं, एवढंच. याउलट अँडी वॉरहॉलच्या ‘किस’मध्ये (१९६३) एकामागून एक जोडपी अगदी जवळून चुंबन घेताना दिसतात, पण कॅमेऱ्यामागे कुणी असल्याचं जाणवतच नाही. इतक्या जवळून इतकं कोरडं क्वचितच काही पाहिलं असेल.

एकटेपणाचं चित्रण त्याहून कठीण. शांताल आकरमनने १९६८मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘सोत मा वील’ हा १३ मिनिटांचा लघुपट केला. एक मुलगी गुणगुणत घरी येते, स्वयंपाकघरात स्वतःला कोंडून घेते, खाते, भांडी-डबे जमिनीवर लोटून फरशी पुसायला लागते, बुटांना पॉलिश करता करता पायालाही फासते. शेवटी गॅस, काळा पडदा आणि स्फोटाचा आवाज. ती असं का करते, हे कुणी सांगत नाही. मुलगी दुःखी दिसतसुद्धा नाही. हाताला सतत काम आहे आणि ते काम कुणासाठीच नाही, यातून आपल्याला कळायचं ते कळतं.

मोना हातूमच्या ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ (१९८८) या १५ मिनिटांच्या व्हिडिओपटापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो. हातूम मूळची पॅलेस्टिनी कुटुंबातली, जन्म बैरुतचा. १९७५मध्ये ती लंडनमध्ये असताना लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि परतीची वाट बंद झाली. पडद्यावर न्हाणीघरातली आई दिसते, पुसट छायाचित्रांमधून. त्यांवर आईच्याच पत्रांतली अरबी अक्षरं, जाळीच्या पडद्यासारखी. मायलेकींच्या गप्पा आणि हसणं मागून अरबीत ऐकू येतं, आणि लेक तीच पत्रं इंग्रजीत, सपाट उदास आवाजात वाचते. ही छायाचित्रं काढल्याचा वडिलांना किती राग आला, तेही आई पत्रात मोकळेपणाने लिहिते. आईचा देह आणि आपण यांच्यामध्ये तिचं हस्ताक्षर उभं आहे. तेच अडवतं आणि तेच जोडतं. अंतर हा विषय न राहता पडद्याचा पोतच होऊन गेला आहे.

सेडी बेनिंग यांना चित्रपटकार वडिलांनी नाताळात एक खेळण्यातला कॅमेरा दिला. फिशर-प्राइस कंपनीचा, साध्या ऑडिओ कॅसेटवर चित्र उतरवणारा. मिलवॉकीतल्या आपल्या खोलीत, शाळकरी वयातच, बेनिंग यांनी समलिंगी प्रेमाविषयी व्हिडिओपट केले. चित्र इतकं खडबडीत की डोळा, ओठ, चिठ्ठीवरची अक्षरं अगदी भिंगाशी न्यावी लागत. साधनाच्या दारिद्र्यानेच जवळ यायला भाग पाडलं.

आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पतींनी ‘एक्सप्लोरर’ (१९६८), ‘ट्रिप’ (१९७०) असे विलक्षण प्रयोग केले. पण सरकारी खर्चाने, थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवण्यासाठी होणाऱ्या त्या कामात एखाद्याच्या बंद खोलीला जागा मिळणं अवघडच होतं. ती खोली उघडली नलिनी मालानींनी. अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत चालवलेल्या कार्यशाळेत १९६९मध्ये त्यांनी ‘ओनॅनिझम’ केला. चार मिनिटांहून कमी, कृष्णधवल, पलंगावर तळमळणारी एक तरुणी. तेव्हा मालानी विशीत होत्या. या कामाची दखल घ्यायला आपल्याला फार उशीर झाला.

त्यांचीच मुलगी पायल कपाडिया. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना तिने केलेला ‘आफ्टरनून क्लाउड्स’ १३ मिनिटांचा आहे आणि २०१७मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात दाखवला गेला. उषा नाईक यांनी साकारलेली साठीची विधवा काकी आणि तिच्याकडे काम करणारी नेपाळी मालती, एक दुपार, एक घर. गावाकडचा ओळखीचा मुलगा मालतीला अवचित भेटायला येतो, बाल्कनीत फूल उमलतं. दोघींची एकटेपणं वेगळी, आणि ती एकमेकींना समजावून सांगण्याची घाई लघुपटाला नाही. तिचाच ‘अँड व्हॉट इज द समर सेइंग’ (२०१८) जंगलाकाठच्या गावात घडतो. तिथल्या बाया आपल्या हरवलेल्या प्रेमाबद्दल कुजबुजतात. त्या दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. चेहरा न दाखवून दिलेला हा मान मला फार मोठा वाटतो. तिच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४मध्ये कानचं ग्रां प्री मिळालं, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. त्यातल्या बायकांचं बीज या छोट्या कामांत आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि एकटेपणावरचे लघुपट भरपूर होतात. त्यांतले बरेच मला पटत नाहीत. खिडकी, पाऊस, गार होत चाललेला चहा, वाजून थांबलेला फोन आणि पियानो. चित्रण देखणं असतं, पण करणाऱ्याने त्यात स्वतःचं काहीच पणाला लावलेलं नसतं. पात्र एकटं आहे हे आपल्याला कळतं, आणि कॅमेरा त्याच्यापासून सुरक्षित अंतरावर उभा राहतो. कारागिरी शिकवणारे पुष्कळ आहेत. पण नव्या मुलांना हे जुने लघुपट मोठ्या पडद्यावर, चार माणसांसोबत पाहायला मिळत नाहीत, हे माझं खरं दुखणं आहे.

गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना म्हणून एक विनंती आहे. वर्षातली एक संध्याकाळ या कामांसाठी ठेवा. कावासे, ब्रॅकेज, हातूम आणि कपाडियाचे दोन, सगळे मिळून जेमतेम पावणेदोन तास होतात.