दोन एल्फिन्स्टन : एक नामसाम्य व त्याचे परिणाम

जुन्या कागदांच्या याद्यांत पुष्कळदां ‘एल्फिन्स्टन साहेब’ एवढीच नोंद आढळते, व ती सरसहा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे लावली जाते. हा प्रघात सोडला पाहिजे, कारण या नांवाचे मुंबईचे गव्हर्नर दोन झाले. पहिला माउंटस्टुअर्ट (१७७९–१८५९), अधिकारावर १८१९ ते १८२७. दुसरा त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन (१८०७–१८६०), अधिकारावर १८५३ ते १८६०. एल्फिन्स्टन कॉलेज चुलत्याच्या नांवाचें. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, ज्याचें २०१८ मध्यें प्रभादेवी झालें, तें पुतण्याच्या नांवाचें.

दोघांचे मार्गही भिन्न. चुलता कंपनीच्या नोकरींत पायरी-पायरीनें चढला. पुतण्या जन्मानेंच उमराव. प्रथम राजाच्या घोडदळांत, मग चौथ्या विल्यमच्या तैनातींत, तिसाव्या वर्षीं मद्रासचा गव्हर्नर, १८४७ पासून व्हिक्टोरिया राणीच्या दरबारीं मानकरी, आणि तेथून मुंबईस.

हा भेद केवळ वंशावळीचा नव्हे. पेशवाई बुडाल्यावर प्रतापसिंह महाराजांस सातारची गादी मिळाली ती माउंटस्टुअर्टच्या हातून. तह २५ सप्टेंबर १८१९ चा. राज्य खालसा झालें १८४८ नंतर, फॉकलंडच्या अमदानींत. आणि १८५७ मध्यें त्याच राजघराण्यांतील मंडळी कराचीस रवाना झाली ती जॉनच्या कारकीर्दींत. दोन्ही एल्फिन्स्टन एक मानले कीं देणारा व हद्दपार करणारा एकच ठरतो, आणि साताऱ्याचा सारा इतिहास विपर्यस्त होतो.

इंग्रज ग्रंथकार मॅलेसन १८५७ मधील धैर्याबद्दल जॉनचा मोठा गौरव करतो. तो निराधार नव्हे. मुंबईची फौज कमी करून ती बाहेर धाडण्यास छाती लागते. परंतु तें चित्र एकांगी आहे. जॉन राणीच्या तैनातींत होता त्याच वर्षांत रंगो बापूजी सातारकरांची वकिली करीत लंडनांत कंपनीचे उंबरे झिजवीत होते. एकास जन्मानें जें द्वार उघडें, तें दुसऱ्यास सुमारें चौदा वर्षांच्या खटपटीनेंही उघडलें नाहीं. पुढें १८५७ च्या धामधुमींत रंगो बापूजी ठाण्याहूनच गुप्त झाले अशी परंपरा आहे. ही दुसरी बाजू विलायती चरित्रांत शोधूं नये. ती मोडी दप्तरांतच सांपडावयाची.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ प्रकरण, साहचर्य, देश व काल यांवरून ठरवावा, हा आपल्या वैयाकरणांचा दंडक येथें पुरेसा आहे. ‘लॉर्ड’ ही पदवी असेल तर कागद जॉनचा, कारण माउंटस्टुअर्ट कधींच लॉर्ड नव्हता. कल्याणच्या आगगाडीचा उल्लेख असेल तरीही जॉनचाच काळ. ठाण्यास गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं फॉकलंडच्या वेळीं आली, कल्याणास १ मे १८५४ रोजीं. संग्राहकांनीं आपापल्या याद्या या कसोट्यांवर पुनः तपासून घ्याव्या. बंद पुडक्यावरील एक चुकीचें नांव आंतील कागदास दुसऱ्यांदा पुरतें.