‘स्मृतिचित्रे’तली शांती कोणाची?

श्रद्धेनं शांती मिळते, असं आपण सहज म्हणून जातो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मात्र विचारावंसं वाटतं, शांती कोणाला, आणि कोणाच्या जिवावर? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनाला स्वस्थता लाभली असेल. पण इकडे लक्ष्मीबाईंचा संसार मोडला, काही वर्षं ताटातूट झाली. स्वतः त्या ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये.

त्यांचं मन प्रवचनानं पालटलेलं नाही, हे लक्षात घ्या. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्या स्वतःशीच सोडवतात आणि मग कोणाच्याही हातचं पाणी पितात. बाप्तिस्म्यानंतर भांडणं थांबली का? छे! टिळकांचा लहरीपणा तसाच, पैशांची ओढाताण तशीच. मग शांती कुठली? तर विटाळाची भीती गेली, ती. परक्यांची मुलं त्यांनी आपली केली, ती. ही शांती टिकली, कारण ती नवऱ्याकडून उसनी आणलेली नव्हती.

भक्तिभावानं वाचणारे नेमकं हेच विसरतात. तेव्हा पुस्तक हसत वाचा. पण ती ताटातुटीची पानं गाळू नका. त्या शांतीची किंमत तिथंच लिहिलेली आहे.