चित्र कोणी काढलं?

आजकाल मुलांना लोककला शिकवणं फार सोपं झालं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन तासांचा वर्ग असतो. मातीचं एक मडकं किंवा कापडी पिशवी देतात, पांढरा रंग आणि बारीक ब्रश देतात. शिक्षिका फळ्यावर दाखवते: एक त्रिकोण सरळ, एक उलटा, वर गोल डोकं, चार काड्या हातापायांच्या. झाली वारली. मुलं घरी येतात, मडकं दिवाणखान्यात बसतं, आल्यागेल्याला आपण कौतुकाने दाखवतो. पुढच्या सुट्टीत मधुबनी, त्यानंतर गोंड.

या वर्गांना माझा विरोध नाही. मुलांचे हात रंगात बुडाले तर चांगलंच आहे. पण त्या मडक्याकडे बोट दाखवून मुलाला विचारून पाहा, "हे चित्र मुळात कोण काढतं, आणि कशासाठी?" बहुतेक मुलं म्हणतील, "आदिवासी लोक. सजावटीसाठी." दोन तासांत मुलाने त्रिकोण उचलला, माणूस आणि कारण दोन्ही मागे राहिले. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मला लहान वाटत नाही.

वारलीचंच पाहू. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्न असलं की भिंतीवर चौक लिहितात. तो लिहितात सवाशिणी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ कालवलेला पांढरा रंग आणि बांबूची चेचलेली काडी, एवढंच सामान. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. दुसऱ्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नाही. हे लग्न लावणारी धवलेरीही बाईच असते. म्हणजे ज्या चित्राला आपण 'सजावट' म्हणतो ते तिथे लग्नाचा विधी आहे, आणि तो बायकांच्या हातात आहे. ही एवढी गोष्ट मुलीला सांगितली तर तिच्या मडक्यावरच्या त्रिकोणाला अर्थ येतो. सांगायला पाच मिनिटं लागतात, पण वर्गात ती पाच मिनिटं नसतात.

मग कागद आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला वारली भागात पाठवलं. याच भास्कर कुलकर्णींनी त्याआधी, बिहारच्या दुष्काळात, मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद दिला होता. मधुबनी आणि वारली, या दोन्ही कलांच्या कागदावर येण्यात एका मराठी माणसाचा हात आहे, हे आपल्या मुलांना का माहीत नसावं? गंमत अशी, की मिथिलेत कागद बायकांनी घेतला, तर वारलीत तो घेऊन जगभर गेला एक पुरुष, जिव्या सोमा मशे. आई गेली तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्या धक्क्याने त्यांची वाचा बसली आणि ते धुळीत चित्रं काढून बोलू लागले, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुढे पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते वारले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मुलांना जरूर दाखवा. सगळ्या कागदावर जाळं पसरलेलं असतं आणि एकेका आसेची रेघ हाताने ओढलेली असते. ते पाहणारं मूल त्रिकोण मोजत बसत नाही. ते विचारतं, "एवढं काढायला किती दिवस लागले?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो चित्रामागच्या हाताबद्दल असतो.

लहान मुलांना ही चित्रं पटकन कळतात, आणि त्याचं कारण साधं आहे. मूल जेव्हा घर काढतं तेव्हा भिंतीच्या आत बसलेली आजीही काढतं. भिंतीतून आजी दिसते कशी, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. महत्त्वाचा माणूस मोठा, बिनमहत्त्वाचा लहान. शाळेत गेल्यावर आपण म्हणतो, "असं नसतं बाळा, लांबचं लहान काढायचं." गोंड चित्रात मात्र हरणाच्या शिंगांतून झाड उगवतं, आणि ते काढणारा कलावंत पद्म पुरस्कार घेतो. मुलाला हे दाखवणं म्हणजे त्याच्या पाहण्यावर विश्वास ठेवणं.

आपल्या समाजातल्या मुलांना तर अशा चित्रांची सवय आहे, आपल्याच ते लक्षात येत नाही. आपल्या कितीतरी मंदिरांत षड्लेश्येचं चित्र असतं. जांभळाचं झाड आणि सहा माणसं. एक मुळावर कुऱ्हाड घालतो, दुसरा खोडावर, तिसरा मोठी फांदी तोडतो, चौथा डहाळी, पाचवा नुसती फळं तोडतो आणि सहावा खाली पडलेली फळं वेचतो. ही चित्रं काढणाऱ्या पेंटरचं नाव बहुतेक ठिकाणी कुठेच नसतं. माझ्या सहा वर्षांच्या नातीने ते पाहून विचारलं, "आजी, काळा माणूसच वाईट का दाखवलाय?" प्रश्न बरोबर होता. लेश्येचा रंग भावाचा आहे, कातडीचा नाही, हे मी तिला सांगितलं. पण हेही सांगितलं, की चित्र काढणाऱ्याने रंग माणसाच्या अंगालाच दिला, म्हणून तुला तसं वाटलं. श्रद्धेच्या चित्रालाही प्रश्न विचारता येतो, एवढं मुलाला कळलं तर मंदिरातली ती भिंत त्याच्या जास्त जवळ येते.

आम्हा इंदूरकरांच्या घराशेजारी आणखी एक गोष्ट आहे. दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपतं आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद पौर्णिमेला, माळव्यात संजा बसते. पितृपक्षभर मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने आकृती काढतात. रोज नवी आकृती, वर फुलं नाहीतर रंगीत चमकी. शेवटी किलाकोट, आणि मग विसर्जन. आपल्या भोंडल्याची ही मोठी बहीणच म्हणा. जगात लोककला मुलांना 'दाखवतात', इथे ती मुलीच करतात आणि मोठ्या बायका बाजूला बसून गाणं धरतात. आता बाजारात संजाचे छापील कागद मिळतात. फ्लॅटच्या भिंतीला शेण कोण लावणार, हे मला पटतं. पण छापील संजा रोज बदलत नाही, आणि आज काय काढायचं यावर मुलींचं भांडणही होत नाही. पुठ्ठ्यावर माती लावा, डाळी चिकटवा, काहीही करा. रोजची आकृती मात्र मुलीला ठरवू द्या.

आता पुस्तकांकडे येते, कारण बहुतेक घरांना संग्रहालयापेक्षा पुस्तक जवळ आहे.

मुलांसाठी माझी पहिली पसंती भज्जू श्याम यांच्या 'द लंडन जंगल बुक'ला. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा हा गोंड चित्रकार. भोपाळला रात्रपाळीची राखणही केली. 2002 मध्ये एका हॉटेलच्या भिंती रंगवायला लंडनला गेला, दोन महिने राहिला आणि परत येऊन जे पाहिलं ते चितारलं. ताराबुक्सने 2004 मध्ये ते छापलं. यात विमान म्हणजे उडणारा हत्ती आहे. बिग बेन आणि कोंबडा एक झाले आहेत, कारण दोघंही वेळ सांगतात. रोज ठरल्या जागी येणारी 30 नंबरची बस इमानी कुत्रा झाली आहे. संध्याकाळी पबमध्ये जमणारे इंग्रज वटवाघळं झाले आहेत. एरवी साहेब आदिवासींकडे पाहायला येतो, त्यांची चित्रं काढतो, पुस्तकं लिहितो. इथे आदिवासी साहेबाकडे पाहतो, आणि तेही मायेने हसत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे सगळं समजावावं लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेच्या बसचं जनावर करून दाखवतो. चांगलं पुस्तक आणखी काय करणार?

दुसरं 'भीमायन', दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांचं, 2011 चं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाण्याचे, निवाऱ्याचे, प्रवासाचे प्रसंग गोंड चित्रांत. यात बोलण्याचे फुगेही बोलतात: मायेच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मुलं ही खूण पहिल्या दोन पानांतच पकडतात, आणि मग घरात कोणी रागावलं की "आई, नांगी!" म्हणून ओरडतात. पण हे पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण स्वयंपाकघरात जावं, असं नाही. पानं गजबजलेली आहेत, चौकटी नाहीत, नजर कुठून कुठे न्यायची हे लहान मुलाला उमगत नाही. आणि विषय असा, की "त्या मुलाला पाणी का दिलं नाही?" या प्रश्नाला शेजारी बसून उत्तर द्यावंच लागतं. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, मोठ्या माणसासोबत, हे पुस्तक घ्या. दुर्गाबाई चित्रकला शिकल्या त्या भिंतीवरच्या आणि अंगणातल्या डिगन्यातून, घरातल्या बाईकडून, हेही सांगा.

थोड्या मोठ्या मुलींसाठी मला गंगादेवींची गोष्ट हवी आहे. मिथिलेच्या या चित्रकर्तीला नवऱ्याने दुसरी बायको करून बाजूला सारलं होतं. ती अमेरिकेला गेली आणि तिथल्या जत्रेतली रोलर कोस्टर तिने कोहबराच्या त्याच बारीक रेघेत उतरवली. पुढे कर्करोग झाला, तेव्हा दवाखाना, तपासणी, खाटा, हेही तिने चितारलं. 1991 मध्ये ती गेली. लोककला म्हणजे जुनं तेच तेच, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही चित्रं पाहावीत. परंपरेने तिला रेघ दिली. त्या रेघेत काय सांगायचं ते तिचं तिने ठरवलं.

इथेच एका शब्दाबद्दल बोललं पाहिजे. इंग्रजीत 'आउटसायडर आर्ट' असा शब्द 1972 पासून चालतो, आणि हल्ली आपल्याकडेही लोककलेला सर्रास त्यात टाकतात. वारली सवाशीण बाहेरची कोणाच्या? तिच्या पाड्यात ती मध्यभागी आहे. तिच्यावाचून लग्न अडतं. बाहेरची ती फक्त आपल्या शहरी प्रदर्शनांच्या हिशेबाने. हा शब्द शोभतो नेकचंद यांच्यासारख्याला. फाळणीत गाव सुटलं, चंदीगडला रस्त्यांच्या खात्यात नोकरी. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून ते सरकारी राखीव रानात चोरून, एकट्याने दगड, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे जमवून माणसं आणि जनावरं घडवत राहिले. कितीतरी वर्षं कोणाला पत्ता नव्हता. सापडलं तेव्हा पाडण्याची भाषा झाली, पण लोकांना ते आवडलं आणि 1976 मध्ये रॉक गार्डन सर्वांसाठी खुलं झालं. त्यांच्यामागे ना रूढी होती ना गुरू, फक्त त्यांची स्वतःची ओढ होती. मुलांना दोन्ही दाखवा, पण वेगवेगळं म्हणून दाखवा. एक कला आजीकडून नातीकडे येते, दुसरी एका माणसाच्या मनातच जन्मते. कपाटात फुटक्या बांगड्या जपणाऱ्या मुलाला नेकचंद जास्त जवळचे वाटतील.

शेवटची गोष्ट मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. ज्यांच्यामुळे गोंड चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर आली, त्या जनगढसिंह श्याम यांना भोपाळच्या भारत भवनाने पाटनगढहून आणलं. पॅरिसच्या 1989 च्या प्रदर्शनात त्यांचं काम गेलं, आणि 2001 मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. हे सहा वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही. पण लोककला म्हणजे आनंदी रंग आणि साधी माणसं, एवढंच आपणही मनात धरून बसलो, तर त्या माणसांशी आपण नीट वागणार नाही. मेळ्यात महिनाभराच्या कामाची किंमत ऐकून "भैया, इतने में तो प्रिंट आ जाता है" म्हणणारी आपणच असतो, आणि शेजारी मूल ऐकत उभं असतं. ते तिथे जे शिकतं ते कुठल्याच वर्गात पुसलं जात नाही.

म्हणून तीन साधी कामं करा. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात मुलांना एकदा तरी न्या. तिथे भूरीबाईंनी स्वतःचं आयुष्य भिंतीवर मांडलं आहे; त्या झाबुआकडच्या भिल्ल, भारत भवनाच्या बांधकामावर मजूर म्हणून आल्या आणि चित्रकार झाल्या. दुसरं, चित्र विकत घेतलं तर त्याच्या मागे काढणाऱ्याचं नाव आणि गाव लिहून घ्या, आणि ते मुलाच्या हातून लिहवा. तिसरं, मुलाने काढलेल्या चित्रावरही त्याचं नाव घाला. मग पाहुण्यांसमोर मडकं दाखवताना ते पोर आपणहून सांगेल: "हे मी काढलं. पण असं काढायची रीत वारली बायकांची."